हरमलच्या लाटेवर उभं राहताना

बेळगावात एका चौकाचं नावच गोवावेस आहे. गोव्याकडे जाणारी वेस. सरळ रेषेत मोजलं तर समुद्र आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतच आहे. शनिवारी पहाटे निघालं की नाश्त्याला म्हापसा. काजू, मासे, मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन, कॉलेजची पहिली ट्रिप, सगळं गोव्यालाच. आणि इतकं असूनही आपल्यातल्या बहुतेकांचं समुद्राशी नातं गुडघ्यापर्यंतच असतं. पँट दुमडायची, साडी उचलून धरायची, लाट आली की किंचाळत मागं पळायचं, कणीस खायचं, फोटो काढायचे आणि गाडीत वाळू घेऊन परत. समुद्र आपण बघतो. त्यात जात नाही.

यंदा फेब्रुवारीत मी आणि माझी आत्या तीन दिवस हरमलला गेलो, सर्फबोर्डवर उभं राहायला शिकायला. माझं वय २६, तिचं ५४. मंडळातल्या माझ्या वयाच्या मुलामुलींनी मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच: ‘आत्यालाही जमलं?’ त्याचं उत्तर येईल पुढं. त्याआधी रस्ता.

आम्ही चोर्ल्यानं गेलो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग खाली केरी, साखळी, डिचोली, म्हापसा, शिवोली. हरमलपर्यंत एकशे तीसेक किलोमीटर. (गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. घाटाच्या पायथ्याशी एक सत्तरीतली, तेरेखोलच्या तोंडाशी दुसरी पेडण्यातली. फोनवरच्या नकाशाला नुसतं ‘केरी’ म्हणून सोडू नका, तालुका सांगा.) कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी आम्ही नेहमी थांबतो. मलप्रभा इथं उगम पावते. तिचं पाणी पूर्वेला कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. इथून थोडंच पुढं गेलं की पडलेला पाऊस म्हादईचा होतो आणि अरबी समुद्राला मिळतो. म्हणजे एकाच जंगलातल्या दोन थेंबांची अशी फाटाफूट. आत्या भूगोल शिकवते, त्यामुळे हे मी दर ट्रिपला ऐकते. पण या वेळी पश्चिमेकडच्या थेंबाची बाजू आम्ही शेवटपर्यंत धरणार होतो.

घाटात एक गोष्ट मी मुद्दाम बघून ठेवली, कारण ती पुढं कामाला आली. आमच्या पुढं लाल बस होती. मागच्या काचेतून कंडक्टर दिसत होता. वळणामागून वळण, आणि हा गडी दोन्ही हात मोकळे ठेवून तिकिटं देतोय. पाय अंतरावर, अंग आडवं, गुडघे सैल. बस डावीकडे झुकली की त्याचा उजवा गुडघा थोडा वाकायचा, बस्स. वर छातीपासून डोक्यापर्यंत काही हलत नव्हतं.

पेडणे तालुका आपल्या माणसाला परका वाटत नाही. हा भाग पोर्तुगीजांकडे उशिरा गेला, १७८८ मध्ये. त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांचा. जुन्या काबिजादीतल्या गोव्याहून इथलं वळण वेगळं आहे. देवळं जागच्या जागी राहिली, दशावतार अजून रात्र रात्र चालतो, मराठी वर्तमानपत्र टपरीवर सहज मिळतं. हरमल म्हटलं की परदेशी पाहुणे, ढोल आणि योगवर्ग एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण किनाऱ्याच्या मधल्या भागात अजून उलांडीच्या होड्या लावलेल्या असतात, जाळी सुकत असतात आणि रापण ओढायला माणसं जमतात. आमचा शिक्षक अशाच घरातला. तिशीतला. घरी कोकणी, आमच्याशी मराठी, रशियन पाहुण्यांशी तोडकीमोडकी रशियन. मला ‘ताई’, आत्याला ‘मावशी’. आम्ही दोघी त्याला ‘दादा’ म्हणायचो, आत्यासुद्धा, तो तिच्या विद्यार्थ्याच्या वयाचा असून.

त्याच्याकडे पोचायला तीन फोन लागले होते. पहिल्या ठिकाणी आत्याचं वय ऐकून नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी ‘मॅडम काठावर बसून फोटो काढतील’ असं आपणहून ठरवून टाकलं. यानं मात्र वय विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: ‘पोहता येतं? खांद्याचं, कमरेचं काही दुखणं? आणि कुठल्या तिथीला येणार?’

तिथी! मला वाटलं, मुहूर्त बघतोय.

पण तो भरती बघत होता. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा हा जुना हिशेब आहे, तुमच्या आजोबांना कदाचित माहीत असेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येतो, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्रयोदशीला पावणेदहा. दुपारी जेवढ्या वाजता, रात्रीही साधारण तेवढ्याच वाजता, आणि मधे सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. अंदाजच आहे, घड्याळ नाही, पण किनाऱ्यावर उभं राहून चालतो तो. रोज भरती पाऊण तासानं का सरकते, हेही त्यातच आलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग. मुंबईला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, गोव्यात दोनेक मीटर. म्हणून हरमलसारख्या सपाट, हळूहळू खोल होत जाणाऱ्या किनाऱ्यावर नवशिक्याला बराच वेळ कमरेएवढं पाणी मिळतं.

आम्ही माघातली त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा धरली. म्हणजे सकाळी साडेसातला पाणी चढतं असणार, पूर्ण भरतीला अजून दोन-तीन तास. खालची वाळू झाकलेली, लाट मऊ.

सकाळच का, याचं उत्तर तर आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ते खारे. रात्री जमीन लवकर गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई. दोन मार्कांचा प्रश्न. आत्यानं तीस वर्षं शिकवला. हरमलच्या वाळूवर सकाळी पाठीवर गार वारा लागला आणि समोर येणारी लाट त्या वाऱ्यानं उभी धरल्यासारखी दिसली, तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला लगेच कोसळू देत नाही, पाणी गुळगुळीत ठेवतो. अकराच्या सुमाराला वारा फिरला की तोच समुद्र खरबरीत होतो, लाटा कुठंही कशाही फुटतात. मग बोर्ड बाहेर.

लाटा कुठून येतात हेही दादानं बोट दाखवून सांगितलं, वायव्येकडे. थंडीच्या दिवसांत अरबस्तानाच्या बाजूला ‘शमाल’ नावाचे वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलेलं आहे. दुसऱ्या लाटा खूप दक्षिणेकडून, हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाकडून येतात. गंमत अशी की पाणी तिथून इथं येत नाही. ज्वारीच्या उभ्या पिकातून वाऱ्याची लहर शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते, पण ताटं जागची हलत नाहीत, तसंच. लाट चालते, पाणी जागच्या जागी वरखाली होतं. किनाऱ्याजवळ आली की तिचा पाय जमिनीला घासायला लागतो, खालचा भाग मंदावतो, वरचा पुढं झुकतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. कमरेएवढ्या पाण्यात आपण उभे असताना समोर फुटणारी लाट केवढी असेल, याचा हिशेब मग पाण्यात उभ्या उभ्या करता येतो. नवशिक्यांना फुटून गेलेल्या लाटेचा पांढरा फेसच देतात. अजून न फुटलेली हिरवी लाट ही पुढची इयत्ता.

पहिला पाऊण तास आम्ही पाण्याला हातही लावला नाही. वाळूवर बोर्ड ठेवून पालथं पडायचं. माझा बोर्ड आठ फुटी, आत्याचा नऊ फुटी, वरून स्पंजासारखा मऊ. लांब-रुंद बोर्ड म्हणजे तोल सोपा. लहान, टोकदार बोर्ड रुबाबदार दिसतो, पण पहिल्या दिवशी कुणी तो मागू नये. पायाची बोटं शेपटाशी, छाती वर, हात बरगड्यांच्या बाजूला सपाट. ‘उठा’ म्हटलं की हातांवर अंग उचलायचं आणि एका दमात दोन्ही पाय खाली आणून उभं राहायचं.

आत्याला हे ओळखीचं होतं. ती रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालते. भुजंगासनापर्यंत सगळं तेच. तिथून पाय दोन हातांच्या मधे आणायचा, तेही तेच. फरक एवढाच की सूर्यनमस्कारात आपण समोर तोंड करून असतो आणि इथं पाय बोर्डवर आडवे पडायला हवेत. मी म्हटलं, ‘आत्या, तो कंडक्टर आठव.’ ती खो खो हसली आणि पुढच्या वेळी बरोबर आडवी उभी राहिली. दादाला आम्ही चोर्ल्याच्या बसची गोष्ट सांगितली. तो आता आपल्या घाटावरच्या विद्यार्थ्यांना ‘कंडक्टर, कंडक्टर’ असं ओरडतो म्हणे.

कुठला पाय पुढं, हे ज्याचं त्यानं शोधायचं. लहानपणी ओल्या शहाबादी फरशीवर धावत येऊन घसरायचो ना, तेव्हा जो पाय पुढं असायचा तोच. बहुतेकांचा डावा असतो. उजवा पुढं असेल तर त्याला ‘गूफी’ म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही. आत्या गूफी निघाली. हे तिनं घरी फोन करून अभिमानानं कळवलं.

पाण्यात शिरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत जायचं. वाळूत पाकट लपलेला असला तर धक्का लागून निघून जातो, त्याच्यावर पाय पडत नाही. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधे कधी धरायचा नाही, नाहीतर लाट तो आपल्याच तोंडावर आणते. पडायचं तर सपाट, पाण्यात सूर मारल्यासारखं नाही, कारण खाली वाळू जवळ असते. वर येताना हात डोक्यावर. बोर्डची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला. एवढं घोकून घेतलं आणि मग आत.

पहिल्या दिवशी मी किती वेळा पडले ते मोजलं नाही. पडण्याच्या दोनच तऱ्हा होत्या. वजन पुढं गेलं की बोर्डचं नाक पाण्यात घुसायचं आणि मी त्याच्यावरून पलीकडे. वजन मागं राहिलं की बोर्ड ब्रेक लागल्यासारखा थांबायचा आणि लाट खालून निघून जायची. तिसरी गोष्ट म्हणजे गुडघे. उठताना एक गुडघा टेकायचा मोह फार होतो, तिथं जरा सुरक्षित वाटतं. पण गुडघ्यावरून उभं राहीपर्यंत लाट संपलेली असते. दादा गुडघा टेकूच द्यायचा नाही. ‘पडा, पण गुडघा नाका.’

आणि डोळे. सगळ्यात जास्त तो याच एका गोष्टीवर ओरडायचा. ‘मुखार पळे! सकयल नाका!’ पुढं बघ, खाली नको. उभं राहताना माणूस आपल्या पायांकडे बघतो, पाय नीट आहेत ना म्हणून. डोकं खाली गेलं की अंग मागोमाग. मान वर करून किनाऱ्यावरच्या एका विशिष्ट माडाकडे बघायला त्यानं मला सांगितलं. अकराव्या की बाराव्या लाटेला मी त्या माडाकडे बघत राहिले आणि तो माड माझ्याकडे यायला लागला.

तीन सेकंद असतील. चार म्हणूया. बोर्ड थांबलेला असतो तेव्हा डुगडुगतो आणि वेगात असतो तेव्हा स्थिर होतो, सायकलसारखं. हे आधी कुणी कितीही सांगितलं तरी पायाला कळेपर्यंत खरं वाटत नाही. खालून घरघर आवाज येत होता, दोन्ही बाजूंनी फेस, आणि मी उभी. मग अर्थातच मी पायांकडे बघितलं.

आत्या त्या दिवशी उठली नाही. पोटावर झोपूनच लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत यायची, बोर्ड वाळूला लागला की उठून परत चालत आत जायची. दादानं आग्रह केला नाही. मीही केला नाही, कारण मला आमच्या घरातली गोष्ट माहीत होती.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ मार्कंडेय नदीत गेला. शाळकरी वयात, मित्रांबरोबर. फोटोसुद्धा नाही त्याचा. आजीनं त्यानंतर घरात एक नियम घालून दिला, गुडघ्याच्या वर पाणी नको. नदी असो, विहीर असो, समुद्र असो. माझे बाबा, काका, आत्या कुणालाच पोहायला शिकवलं नाही. बुडण्याच्या भीतीनं पोहणं शिकवायचं नाही, असा हा उफराटा न्याय आपल्याकडे पुष्कळ घरांत चालतो. आत्या शाळेची ट्रिप घेऊन गोव्याला जायची तेव्हा चाळीस मुलांच्या मागं काठावर शिट्टी घेऊन उभी राहायची आणि तिच्या पोटात गोळा यायचा, कारण कुणी आत ओढलं गेलं तर तिला स्वतःला काही करता येणार नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी तिनं तलावावरच्या बायकांच्या बॅचला नाव घातलं. आजीला सांगितलं, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. वर्षभरानं तिला पन्नास मीटर न थांबता जाता यायला लागलं.

पण तलावाला भिंत असते. समुद्राला ती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड घ्यायच्या आधी दादा आम्हाला वाळूच्या उंचवट्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, ‘मावशी, सांगा, आंघोळीला कुठं उतराल?’ समोर दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधे तीसेक फुटांचा एक पट्टा शांत होता. फेस नाही, पाणी थोडं गडद. आत्यानं साहजिकच तिकडे बोट दाखवलं. ‘सगळे तेच दाखवतात,’ तो म्हणाला. ‘आणि तिथंच जातात.’

लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत तर जायला हवं. ते जिथं खोलगट वाट सापडते तिथून परत आत जातं. खोली असते म्हणून तिथं लाट फुटत नाही आणि फुटत नाही म्हणून ती जागा शांत दिसते. ती पाण्याची ओढ असते. तिच्यात सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो, म्हणजे ओढीच्या थेट विरुद्ध, आणि दमतो. चांगला पोहणारासुद्धा दमतो. करायचं ते उलटं: अंग सोडून तरंगायचं, हात वर करून बोलवायचं आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो. बाजूला लाटा फुटताना दिसल्या की तिथून त्याच लाटा तुम्हाला परत आणतात. सर्फ करणारे तर ओढीचा उपयोग आत जायला करतात, फुकटची गाडी.

२००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात त्यांच्या मधल्या पाण्यातच उतरायचं. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. घाटावरून गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाचतो. दारूबद्दल बोलतो, बेपर्वाईबद्दल बोलतो, तेही खरंच असतं. पण शांत दिसणारी जागा धोक्याची असते, ही एक गोष्ट आमच्यापैकी कुणालाच कुणी सांगितलेली नव्हती. आत्यानं तिथंच वाळूत बोटानं आकृती काढली. दहावीच्या पुस्तकातल्यासारखी, बाणांसकट. दादानं एक बाण खोडून तिरका केला.

मग ती पाण्यात उतरली, दादाबरोबर, बोर्ड न घेता, त्या शांत पट्ट्याच्या कडेला छातीभर पाण्यात. तिला ती ओढ पायाला लागलेली जाणवली. ती परत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि ती भराभर बोलत होती. ‘खरंच ओढतंय गं. पण कुठं ओढतंय ते कळतंय.’ चहा घेतला. नंतर त्या दिवशी ती तीनदा गुडघ्यावर आली. दादा ओरडला नाही.

त्या संध्याकाळी रापण ओढायला थोडे हात कमी होते म्हणून आम्हीही दोर धरला. एक म्हातारे काका, कमरेला काष्टी, होडी फेसातून आत कशी घालायची ते सांगत होते. लाटा घोळक्यानं येतात. तीन-चार-पाच मोठ्या आणि मग जरा उसंत. ती उसंत ओळखायची. होडी तोंडानं लाटेवर, बाजूनं कधी नाही. आणि परत येताना लाटेच्या पाठीवर बसून यायचं. मला हसू आलं, कारण सकाळी दादानं बोर्डबद्दल हेच शब्दन् शब्द सांगितलं होतं. हवाई बेटांवरून हा खेळ जगभर गेला हे खरंच, पण लाट वाचायची विद्या इथंही होती, खेळ म्हणून नाही, पोटासाठी.

खेळ म्हणून आपल्याकडे त्याला फार वर्षं झाली नाहीत. मंगळुरूजवळच्या मुल्कीला २००४ च्या सुमाराला एका आश्रमातून सुरुवात झाली. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकायला गेली आणि २००७ मध्ये तिनं जोडीदाराबरोबर उडुपीजवळ कोडी बेंगरेला सर्फ क्लब काढला. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. तोक्यो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंग पहिल्यांदा आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळनं कांस्य मिळवलं, या स्पर्धेतलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. या खेळातली आपली बरीच चांगली मुलं मासेमारीच्या गावांतून आलेली आहेत. ज्यांना पाण्याचं भय नसून अदब आहे, अशी.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. पाणी जास्त होतं, लाटा कमरेपर्यंत. दादानं आम्हाला थोडं कडेला नेलं. मला त्या दिवशी सात-आठ वेळा जमलं, एकदा तर थोडं वळताही आलं, ते सोडा. आत्या बोर्डवर पालथी पडली होती, दादानं मागून शेपूट धरलं होतं, आणि दोघं लाटा मोजत होते. एक सोडली. दुसरी सोडली. तिसरीला तो ‘मावशी, ही’ म्हणणार इतक्यात तीच ‘ही, ही’ म्हणाली आणि हात मारायला लागली. त्यानं ढकललं की नुसतं सोडलं, ते मला दिसलं नाही. ती भुजंगासनात आली. मग एक पाय आला, उजवा, आणि दुसरा. कंडक्टरसारखी आडवी, गुडघे वाकलेले, थोडी जास्तच वाकलेली, हात पदर सावरावा तसे. समोर बघत होती. माझ्या अंगावरून, किनाऱ्यावरून, माडांवरून पलीकडे कुठंतरी. फेस संपेपर्यंत ती तशीच आली आणि बोर्ड वाळूला टेकल्यावर खाली उतरली, बसमधून उतरावं तशी.

माझा फोन वाळूवर पिशवीत होता. व्हिडिओ नाही. तो नाही म्हणून आत्याला फारसं वाईटही वाटलं नाही. आजीला आता काय सांगायचं हा प्रश्न मात्र परतीच्या वाटेवर निघालाच. कणकुंबीपर्यंत ठरलं की खरं सांगायचं. आजीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. बराच वेळ सुपारी कातरत राहिली आणि मग विचारलं, ‘दोर पायाला बांधलेला होता म्हणतेस?’ आत्या म्हणाली, ‘होय. आणि तो पोरगा होता शेजारी.’ ‘मग ठीक आहे,’ आजी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच भावाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलली. तो झाडावरून पाण्यात उड्या मारायचा म्हणे.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र आपला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनासुद्धा मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुनी माणसं होडी पाण्यात घालत नाहीत ते उगाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाटा लहान, शिकायला उत्तम. दीड तासाचे माणशी दोन-अडीच हजार घेतात, तीन दिवसांचे एकदम ठरवलं तर कमी. कपड्यांची काळजी करू नका. लांब बाह्यांचा रॅशगार्ड आणि खाली घोट्यापर्यंतची लेगिंग, ऊन आणि बोर्डचं घासणं दोन्हींपासून वाचवते. आमच्या आत्यानंही तेच घातलं होतं. नाश्ता हलका करा, शहाळं नंतर. आणि पोहायला येत नसेल तर आधी तलावावर नाव घाला. चांगला शिक्षक ते विचारतोच. न विचारणाऱ्याकडे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी खांदे इतके दुखत होते की मला केस विंचरता येईनात. आत्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभी होती. पुढच्या महिन्याची त्रयोदशी मंगळवारी येत होती, शाळेत परीक्षा. तिनं पान उलटून त्याच्या पुढची बघितली, पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, पावणेदहा.